रिकाम्या वखारीचा आवाज

उमेश खरपडेने ते गाणं पहिल्यांदा ऐकलं ते चारोटी नाक्यावर, उसाच्या रसाच्या गाडीपाशी. रसवाल्याने मोबाइल स्टीलच्या पेल्यात उभा केला होता. तसं केलं की आवाज मोठा येतो, अशी त्याची समजूत. पेल्यातून निघालेल्या त्या पत्र्यासारख्या आवाजातसुद्धा उमेशला कळलं की हा ड्रम मोठ्या जागेत वाजलाय. काठी पडली, आणि मागून कुणीतरी दाराआडून उत्तर द्यावं तसं काहीतरी परत आलं. मग गिटार, मग मुलीचा आवाज. आवाज दक्षाचा होता. दक्षा म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीची मुलगी.

"हे कुणी रेकॉर्ड केलं?" त्याने विचारलं.

"आपल्या नविनभाईनं. तो नाय का, मोटर वायंडिंगवाला? पुढच्या गल्लीत." रसवाल्याने पेला पुसला. "तुमचा पण स्टुडिओ हाय ना तलासरीत? लग्नाची गाणी करता ते?"

उमेशने अर्धा रस तसाच ठेवला आणि गाडीला किक मारली.

तलासरी आणि डहाणू या दोन तालुक्यांत गेली पंधराएक वर्षं कुणाला गाणं रेकॉर्ड करायचं असलं की माणूस उमेशकडेच जायचा. पोरवयात तो बँजो पार्टीत पॅड वाजवत असे. मग वापीच्या एका स्टुडिओत त्याने वायरी गुंडाळण्यापासून सुरुवात केली आणि मशीन हाताळण्यापर्यंत पोचला. तिथून परतल्यावर तलासरी नाक्याजवळ, एका दवाखान्याच्या वरची खोली घेतली. हायवे जवळ. अच्छाडच्या चेकपोस्टकडून सुटलेले ट्रक तिथून गियर बदलत जात. त्यांचा आवाज आत येऊ नये म्हणून उमेशने भिंतींवर अंड्यांचे ट्रे चिकटवले, त्यावर गोधड्या ठोकल्या, गोधड्यांवर जुने गालिचे. खोली इतकी मुकी झाली की नवखा माणूस आत आला की स्वतःच्या कानात बोट घालून बघे. उमेशला त्या मुकेपणाचा अभिमान होता.

त्या खोलीत त्याने शेकडो लग्नगीतं केली. त्यांचं गणित वेगळं. गाणं डीजेच्या गाडीवर वाजणार, गाडीपुढे गाव नाचणार, तेव्हा गाण्यातली प्रत्येक गोष्ट पुढे हवी. गायक पुढे, ढोल पुढे, कॅसिओ पुढे, टाळ्यासुद्धा पुढे. उमेश एकेकाला एकट्याला उभा करी, कानात घड्याळासारखी टिकटिक देई, आणि तुकडे जुळवून सगळ्यांना एका उंचीवर दाबून बसवी. तो त्याचा हातखंडा होता आणि त्या कामात त्याला तोड नव्हती.

वैशाखात दक्षा त्याच्याकडे आली ती स्वतःचा बँड घेऊन. बँडचं नाव 'गरवा', उशिरा तयार होणाऱ्या भातावरून ठेवलेलं. तीन गिटारी, ड्रमवर मिथुन, सहा गाणी. रॉक म्हणतात ते. उमेशने पहिलं गाणं केलं, आणि अगदी जीव लावून केलं. मिथुनला टिकटिकीवर वाजवायला लावलं, त्याचा एकेक ठोका सरळ केला, कमजोर वाटले तिथे कॉम्प्युटरमधले तयार ठोके बसवले, गिटारी सरळ वायरीने मशीनमध्ये घेतल्या. गाणं काचेसारखं स्वच्छ झालं.

दक्षाने ते दोनदा ऐकलं. "छान झालंय मामा," ती म्हणाली. तिच्या 'छान'मध्ये काय होतं ते उमेशला तेव्हा कळलं नाही. ते चारोटीला, रसाच्या गाडीपाशी कळलं.

नविनला तो चांगला ओळखत होता. बँजो पार्टीत नविनच, सगळ्यांचा 'नव्या', बँजो वाजवायचा. एकाच पाड्यावरचा, उमेशहून धाकटा, तोंडाळ, प्रत्येक वरातीत नवरीच्या मावश्यांशी ओळख काढणारा. पार्टी मोडल्यावर त्याने चारोटीला पंपाच्या जळलेल्या मोटरींत नवी तार गुंडाळून त्या भरून द्यायचं दुकान टाकलं. माइक, मिक्सर हे त्याचं फावल्या वेळचं वेड. ते आजवर वेडच होतं, म्हणून उमेशला त्याचं काही वाटलं नव्हतं.

घरी येऊन उमेशने गाणं हेडफोनवर ऐकलं. पुन्हा ऐकलं. तो चुका शोधत होता आणि त्याला त्या सापडल्या. बासगिटारचा आवाज ड्रमच्या माइकमध्ये सांडला होता. दुसऱ्या कडव्याच्या आधी कुठेतरी कावळा ओरडला होता. शेवटाकडे मिथुन घाईला आला होता आणि त्याच्या मागे सगळा बँड पळाला होता.

"कावळा आहे यात," त्याने बायकोला सांगितलं.

जयश्री अंगणवाडीच्या कामावरून नुकतीच आली होती. तिने एका कानाला हेडफोन लावला आणि उभ्याउभ्याच ऐकलं. कडवं संपेपर्यंत तिने तो काढला नाही.

"ऐकलास?"

"काय?"

"कावळा!"

"हां, असेल. मी गाणं ऐकत होते." तिने हेडफोन परत दिला. "तुला गाणं नाही आवडलं, का नविन नाही आवडला?"

"चुकीचं काम आहे ते. माइकमध्ये माइक सांडलेत."

"मग सांडू दे की. तुझ्या नाकावर सांडल्यासारखं तोंड का करतोस?"

उमेशने हेडफोन पुन्हा कानाला लावला. ते सांडणंच त्या गाण्याला धरून ठेवतंय, हे त्याला ऐकू येत होतं. सगळे एका जागी, एकमेकांकडे बघत वाजवत होते. पळाले तेही एकत्र पळाले. आणि त्या सगळ्यांच्या मागे ती जागा होती. उंच, लांब, बहुधा वर पत्रा आणि बाजूला विटांची भिंत. उमेशने जगभरच्या बँडची रेकॉर्डिंग ऐकली होती. नुसत्या ड्रमवरून तो काळ सांगू शके. अमक्या वर्षांत ड्रमवर पांघरुणं टाकून तो कोरडा वाजवायचे, मग तो आभाळाएवढा फुगवायची फॅशन आली, मग सगळं दाबून सपाट करायची. पण ते सगळं परदेशातलं, लांबचं होतं, आणि लांबच्या माणसाबद्दल कुणाला पोटात दुखत नाही. हा ठोका चारोटीच्या नव्याने पकडला होता. एरवी मोटरी भरणाऱ्या नव्याने.

जागा कुठली ते दक्षानेच सांगितलं, लपवाछपवी न करता. डहाणू रोडजवळ, आशागडच्या वाटेवर एका शेठची गवताची वखार आहे. गणपतीनंतर नविन त्यांना तिथे घेऊन गेला. दार उघडून आत शिरला, टाळी वाजवली, चार पावलं सरकला, परत टाळी वाजवली, आणि म्हणाला, "मिथुन, इथे बस." मोजके माइक लावले. त्यातला एक पार लांब, दाराच्या वर, पक्ष्याच्या घरट्यासारखा बांधला. "गाणं त्या लांबच्या माइकमध्ये आहे मामा," दक्षा म्हणाली. "बाकीचे नुसते सोबतीला."

"उरलेली चार गाणी?"

"बघू. आता ठरवायचंय. नविनदादा करायला तयार आहे." मग तीच म्हणाली, "पण तुमचं मशीन चांगलं आहे."

त्या रात्री उमेश ताटावर बसून हिशेब करत होता. चार गाणी नविनकडे गेली तर बँडचं सगळं काम नविनचं होणार, आणि उमेशचं ते एक काचेसारखं गाणं लोक न ऐकताच पुढे ढकलणार. उद्या गावागावांतून निघालेली असली पोरं चारोटीला जाणार. तलासरीला यायचं ते वरातीसाठी. भाचीने मामाला सोडून मोटरवाल्याकडे जावं, हे तर बहिणीच्या घरीसुद्धा बोललं जाणार होतं.

दिवाळी झाल्यावर त्याने दक्षाला फोन केला. "तुला वखारीचा आवाज पाहिजे ना? मी देतो. माझं मशीन, माझे माइक, तीच वखार. एक गाणं करून बघ. आवडलं तर चारही माझ्याकडे."

"चालेल की," दक्षा म्हणाली. तिच्या आवाजात खरोखरचा आनंद होता. त्यामुळे उमेशला आणखीच लागलं. मशीन त्याचं आणि वखार नव्याची, असा तो आनंद होता.

शेठशी त्याने फोनवरच बोलणं केलं. स्वतः बघायला जायचं त्याने टाळलं. आशागडच्या रस्त्यावर नविनची ओळखीची माणसं फार. उमेश येऊन टाळ्या वाजवून गेला, असं कुणी नविनला सांगितलं असतं तर उमेशला ते सोसलं नसतं. शेठच्या पुतण्याचं लग्न होतं. त्यात साउंड आपला, असं उमेशने कबूल केलं आणि उन्हाळ्यापर्यंत वखारीत दुसऱ्या कुणाला रेकॉर्डिंग करू द्यायचं नाही, असं शेठकडून कबूल करून घेतलं.

"लई लो ने उमेशभाई, घ्या की, मला काय," शेठ म्हणाला. "पण आत माल हाय हां. चालेल ने?"

"चालेल, चालेल," उमेश म्हणाला. त्याला वाटलं, शेठ भाव वाढवायला बघतोय.

इथे सांगायला हवं की उमेशचं लहानपण गवतातच गेलं होतं. त्यांच्या पाड्यावर भात कापून झालं की माणसं माळावरचं गवत कापायला निघत. उमेश आईबरोबर जाई. मोठी माणसं लाकडी साच्यात गवत भरत, आणि पोरांनी वर चढून ते नाचून नाचून दाबायचं, म्हणजे घट्ट चौकोनी गासडी बांधता येते. दिवाळीनंतर या भागातल्या वखारी भरतात आणि पुढच्या पावसाळाभर त्यातलं गवत तबेल्यांना जात रिकाम्या होतात, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. उमेशला ते न कळण्याचं काही कारण नव्हतं. पण गाण्यातली वखार रिकामी होती, आणि इतके दिवस ते गाणं ऐकून ऐकून त्याच्या डोक्यातली वखारही रिकामीच राहिली होती.

ठरल्या दिवशी सकाळी टेम्पोतून सामान उतरलं. शेठच्या माणसाने दार सरकवलं. आत जमिनीपासून पत्र्यापर्यंत गासड्या होत्या. मधून एक वाट, दोन माणसं कशीबशी जातील एवढी, आणि टोकाला थोडी मोकळी जागा. वाळल्या गवताचा गोडसर वास बाहेरपर्यंत आला.

उमेश दारातच थांबला. पण दक्षा मागे उभी होती, मिथुन ड्रम उचलून उभा होता. "आत घ्या," तो म्हणाला.

मिथुनने ड्रम मांडला आणि जोराने ठोका दिला. थप्प. आवाज जिथे झाला तिथेच पडला. मिथुनने दुसरा दिला, मग झांज वाजवली. झांजसुद्धा खाकरल्यासारखी वाजली आणि गप्प झाली.

"मामा, यात उशी घातली का कुणी?" मिथुनने वाकून ड्रमच्या आत बघितलं.

"माइक लावू दे आधी," उमेश म्हणाला.

त्याने माइक लावले. लांबचा माइक दाराच्या वर बांधला, तोही घरट्यासारखा. ऐकून बघितलं. माइक हलवले, ड्रम वाटेच्या तोंडाशी आणला, दार पूर्ण उघडलं, अर्धं लावलं. दुपार झाली. लांबच्या माइकमध्ये रस्त्यावरच्या रिक्षा तेवढ्या ऐकू येत होत्या.

दक्षा गिटार मांडीवर घेऊन गासडीवर बसली होती. "मामा, हे तुमच्या स्टुडिओसारखंच येतंय."

ते वाक्य तिने सहज टाकलं. उमेशने हेडफोन काढून गासडीवर टाकला.

"मग नव्याने इथे केलंच नसेल," तो म्हणाला. "दुसरीकडे कुठे जाऊन पुन्हा वाजवून घेतलं असेल, आणि तुम्हाला सांगितलं वखार."

"आम्हीच वाजवलं ना मामा. इथेच."

"तुम्ही वाजवलंत. त्याने काय लावलं ते तुम्हाला काय कळणार? तो कसा आहे मला विचार. बँजोच्या तारा दुसऱ्याच्या पेटीतून काढणारा माणूस आहे तो."

हे खोटं होतं. तारा नविनच्या पेटीतून जात, आणि नेणाऱ्यांत एकदा उमेशही होता.  दक्षाने फोन काढला, नंबर लावला आणि स्पीकरवर टाकला.

"नविनदादा, आम्ही वखारीत आहोत. ड्रम मेलाय. त्या दिवशी वेगळं काय केलं होतंस?"

"कुठल्या वखारीत?"

"तीच. शेठची."

"आत्ता?" पलीकडे मोटर फिरत होती, ती बंद झाली. "अगं, गवत आलं असेल ना आत! भरलेल्या वखारीत ड्रम? गादीच्या दुकानात ढोल वाजवता का तुम्ही लोकं?" आणि नविन हसायला लागला. वाईट नव्हतं ते हसणं. म्हणजे उमेशने त्याला वाईट म्हणावं असं त्यात काही नव्हतं. "कोण घेऊन आलं तुम्हाला?"

दक्षाने ओठ दाबले, पण ते फार वेळ दाबले गेले नाहीत. ती हसली. मग गिटारवाली दोन्ही पोरं हसली. मिथुन तर ड्रमच्या स्टुलावरून खाली आला.

"मीच टाकलंय हे गवत," मिथुन म्हणाला. "ही डावीकडची रांग. काकाच्या टेम्पोनं."

"मग बोलला का नाहीस?" उमेश कडाडला.

"मला काय माहीत? वाटलं, मामांना असंच पायजेल असेल. तुमच्याकडे पण गोधड्या लावल्यात ना!"

पुन्हा हशा झाला. फोनमधून नविनचाही. "उमेशदादा आहे का तिथे? दादा, ऐक ना. तू तर माझ्याबरोबर गासड्या दाबलेला माणूस!" मग तो दक्षाला म्हणाला, "घाई नसेल तर थांबा. पुढच्या गणपतीपर्यंत होते वखार रिकामी. मी करतो चारही."

"थांबू की," दक्षा म्हणाली. "घाई कुणाला आहे?"

पुढच्या गणपतीपर्यंत. उमेशचा स्टुडिओ आज, आत्ता, तासाभराच्या वाटेवर उघडा होता, आणि ही पोरं त्याऐवजी गुरांनी गवत खाऊन संपवायची वाट बघायला तयार होती.

"फोन ठेव," उमेश म्हणाला. "आज संध्याकाळपर्यंत तुम्ही माझे आहात. ठरलंय तसं."

तो गासड्यांच्या वाटेतून आत गेला आणि टोकाला उभा राहिला. टाळी त्याने वाजवली नाही. नुसता बोलला, "एक, दोन, तीन," आणि स्वतःचा आवाज कानाशी, आपण आपल्याच कानात बोलावं तसा ऐकला. ही जागा बोलत नव्हती. पण न बोलणाऱ्या जागेतच तर त्याने उमेदीची सारी वर्षं काढली होती. अशा जागेचं काय करायचं ते नव्याला माहीत नव्हतं, त्याला माहीत होतं. जागा बोलते तेव्हा प्रत्येक वाद्याबरोबर तिचाही आवाज टेपवर येतो. एकच गिटार दोनदा घेतली की जागाही दोनदा येते, चारदा घेतली की चिखल होतो. मुक्या जागेत ती हवी तितक्या वेळा घ्या. थरावर थर बसतो. तलासरीत त्याने हे केलं नव्हतं ते एवढ्याचसाठी, की गिटारचा अॅम्प्लिफायर पूर्ण ताकदीने सोडला की खालच्या दवाखान्यातून माणूस वर येई. म्हणून तो वायर सरळ मशीनला जोडे, आणि गिटार डास गुणगुणल्यासारखी बारीक येई.

"मिथुन, इकडे ये. या गासड्या काढ."

भिंतीसारख्या रांगेतून त्यांनी छातीच्या उंचीवर गासड्या ओढून काढल्या आणि खोल कोनाडा केला. त्यात अॅम्प्लिफायर आत तोंड करून ठेवला, त्याच्या जाळीला जवळजवळ चिकटून माइक, आणि तोंडावर पुन्हा गासड्या लावल्या. वायरी तेवढ्या बाहेर.

"कुठलं गाणं? ते हळू बोलायचं?" दक्षाने विचारलं. घरात हळू बोल, रस्त्यात हळू बोल, असं मुलीला सगळे सांगतात, असं तिचं एक गाणं होतं.

"तेच. आणि बटण शेवटपर्यंत फिरव."

"फाटेल."

"फाटू दे."

दक्षाने तारांवर हात मारला. वखारीत फक्त गवतामागून घुमणारी धडधड ऐकू आली, पोटात कळावी अशी. हेडफोनमध्ये मात्र ती गिटार अंगावर आली. पोरांनी आळीपाळीने हेडफोन लावले आणि कुणी हसलं नाही. उमेशने तोच तुकडा तिच्याकडून पुन्हा वाजवून घेतला, मग पुन्हा, हात थोडा बदलून, मग दुसऱ्या गिटारीवर. मिथुनचा ड्रम त्याने कोरडाच ठेवला, गादीवर काठी मारल्यासारखा, आणि टिकटिक काढून टाकली. शेवटी दक्षाला गासड्यांच्या वाटेत उभं केलं, माइक ओठांना लागेल इतका जवळ. "गाऊ नको," तो म्हणाला. "शेजारी कुणी झोपलंय असं समजून सांग." तिने सांगितलं. कडव्यात तिचा श्वास, जिभेचा टाळूला लागणारा आवाजसुद्धा येत होता. मग एकदम गिटारींची ती भिंत.

संध्याकाळी टेम्पोत सामान चढवताना दक्षा त्याच्याजवळ आली.

"मामा, हे भारी झालंय. खरंच. हे तुमचंच."

"मग चारही?"

तिने मान हलवली, होकार नव्हता तो. "बाकीची तीन मोकळी गाणी आहेत. ती अशी घेतली तर गुदमरतील. ती गणपतीनंतर. नविनदादाकडे." आणि मग, मामा आहे म्हणून, "रागावू नका हां."

"मी कशाला रागावू?" उमेश म्हणाला आणि दोरीची गाठ इतकी आवळली की घरी गेल्यावर ती कापावी लागली.

गाणं थंडीत बाहेर पडलं. डहाणूच्या चौपाटीवर पोरांच्या फोनवर ते वाजू लागलं. रसवाल्याच्या पेल्यात वाजतं की नाही, ते बघायला उमेश मुद्दाम चारोटीला जाऊन आला. वाजत होतं. लोक म्हणत, यातली गिटार काय जाड आहे. उमेशला ते गोड लागे, आणि दोन दिवसांत तो गोडवा उतरे. मग तो नविनचं गाणं लावी, आपलं लावी, पुन्हा नविनचं.

"आता काय कमी आहे?" जयश्रीने एकदा विचारलं. "तुझं चांगलं झालं ना?"

"त्याची तीन आहेत."

"झालीत कुठे अजून?"

"होतील."

आणि मग नविनचाच फोन आला. "दादा, काय केलंस रे! गिटार म्हणजे रेड्याचं तोंड आहे नुसतं. मी दिवसभर ऐकतोय. अॅम्प कुठे ठेवला होतास?"

उमेशला वाटलं होतं, हा क्षण आला की बरं वाटेल. खरं तर बरं वाटतही होतं. "तिथेच. वखारीत," तो म्हणाला.

"वखारीत म्हणजे कसं? उघड्यावर?"

"माइकची जागा असते. सांगून नाही कळायचं."

"बरं, मग दाखव की. शनिवारी येतो तिकडे. मिथुन सांगत होता, भिंतीत काहीतरी केलंत म्हणून. त्याला धड सांगता येत नाही."

नाही म्हणायला उमेशकडे कारण नव्हतं. शेठकडून त्याने रेकॉर्डिंगचं कबूल करून घेतलं होतं, बघण्याचं नाही. तो "ये" म्हणाला, आणि शुक्रवारी दुपारी एकटाच आशागडच्या वाटेला लागला. कोनाडा तसाच होता. बाजूला काढलेल्या गासड्या खाली पडल्या होत्या. त्याने त्या एकेक उचलून कोनाड्यात परत बसवल्या. बरेच दिवस हे काम केलं नव्हतं, हात ओरबाडले, गळ्यात गवताची कुसळं गेली. पण रांग पूर्ववत भरली. शेठच्या माणसाने दारातून विचारलं, "काय शोधता काय साहेब?"

"काही नाही. वायर राहिली होती."

शनिवारी नविन आला तो तोंडात पान घालून, हातात स्क्रूड्रायव्हर तसाच घेऊन. "या दादा, गादीच्या दुकानात!" म्हणत आधीच आत शिरला. त्याने टाळी वाजवली, ऐकलं, वाटेतून चालत गेला, परत वाजवली. "मेलेली आहे, चांगली मेलेली. तुझ्या खोलीपेक्षा बरी." मग तो रांगेपाशी थांबला.

गासडीची बाहेरची बाजू हवेला राहून पिवळी पडते, आतली बरेच दिवस हिरवट राहते. सगळी रांग पिवळी होती. छातीच्या उंचीवर एक चौकोन तेवढा हिरवा होता. उमेशने गासड्या उलट्या बसवल्या होत्या.

नविनने त्या चौकोनाकडे बघितलं. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने एका गासडीच्या तारेला टिचकी मारली.

"या नवीन आल्या वाटतं?"

"असतील," उमेश म्हणाला. "हमाल लावतात. आपल्याला काय माहीत!"

"खालच्या जुन्या, वरच्या जुन्या, आणि मधे नवीन. हुशार आहेत हमाल." नविनने पान दुसऱ्या गालात घेतलं. त्याने गासडी ओढली नाही. ओढली असती तर उमेशला भांडता आलं असतं. तो नुसता दोन पावलं मागे सरकला, चौकोन डोळ्यांनी एकदा उभा आणि एकदा आडवा बघितला, आणि वळला. "चल, चहा पाज. गवत लागलं घशाला."

नाक्यावरच्या टपरीवर नविन बोलतच राहिला. गणपतीनंतरच्या तीन गाण्यांना दक्षाला कुठे उभी करायची, मिथुनला दाराकडे तोंड करून बसवलं तर काय होईल, पत्र्यावर पाऊस असला तर तोही घ्यायचा का. सगळं सांगत होता, विचारलं नसताना. "तू ये ना तेव्हा, दादा. तुझे माइक घेऊन ये. तो लांबचा माइक तुझा चांगला असला तर काय मजा येईल."

"बघू," उमेश म्हणाला.

त्याचं अर्धं लक्ष बोलण्याकडे होतं. अर्धं नविनच्या हातांकडे. बोलता बोलता नविनने चहाचा ग्लास टेबलावर आडवा केला होता, त्याच्या तोंडाशी माइकसारखी माचिस उभी ठेवली होती, आणि आता तो माचिस ग्लासाच्या आणखी जवळ, अगदी काचेला लागेपर्यंत, सरकवत होता.